खूण काय सांगतली?

मोठ्या मायच्या दारात नुसतं नाव सांगून कोणाला काही मिळाल्याचं मला आठवत नाही. सख्खा भाचा नाचणगावहून यायचा, म्हणायचा, "आत्या, मायनं परात मागतली." ही चौकटीत उभी. "खूण काय सांगतली?" तो चिडायचा, "अवं, मी तुहा भाचा आहो ना." "तू भाचा आहेस, मान्य. पण परात तुह्या मायनंच मागतली कशावरून?" खूण आठवेपर्यंत त्याला चहा मिळे, परात नाही. सारं देवळी गाव तिला खूणमाय म्हणायचं, काहीजण हसून, काहीजण दातओठ खाऊन.

ती माझ्या थोरल्या काकांची, म्हणजे मोठ्या बाबांची बायको. वडील माझ्या लहानपणीच गेले. मला आणि आईला मोठ्या मायनं आणि मोठ्या बाबांनी सांभाळलं.

खुणेची रीत काही तिनं काढलेली नव्हती. बाहेरगावी गेलेल्यानं कोणाच्या हाती निरोप धाडला, तर सोबत घरच्यांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट सांगायची, म्हणजे निरोप खरा. पण बाकीच्या घरांत एकच खूण वर्षानुवर्षं चाले आणि अख्ख्या आळीला पाठ असे. मोठी माय म्हणायची, "शिळी खूण नासते." ती रोज ताजी द्यायची, त्या दिवशी घरात जे घडलं असेल त्यातली. मोठे बाबा पायात वहाणा घालत असले की ही कानाशी जाऊन सांगणार, "आज, मांजरीनं साय खाल्ली." शेजारणींना वाटायचं, या वयात काय गुलुगुलु चाललंय बाई यांचं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मोठे बाबा पत्रिका वाटायला जामकडच्या गावांना गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक अनोळखी माणूस घामाघूम होऊन दारात आला. म्हणाला, जामच्या चौकात मोठ्या बाबांना ट्रकनं उडवलं, नागपूरला नेताहेत, ऑपरेशनला पैसे लागतील, घरात पोरीचं सोनं आहे ते द्या असं त्यांनीच सांगितलंय. त्याला आमची सगळ्यांची नावं ठाऊक होती. माझ्या होणाऱ्या नवऱ्याचंही.

मोठी माय भिंतीला टेकली, आणि मग तेच. "खूण काय सांगतली?"

"मावशी, माणूस बेशुद्ध आहे, खूण कुठची सांगणार?"

"मंग सोनं कोनं मागतलं?"

म्हणाला, "आधी शुद्धीवर होते ना." "मंग तवाच खूणही सांगतली असती," ती म्हणाली. तोवर आळी जमली होती. कोणी म्हणालं, बाईचं काळीज आहे की दगड. आई रडत तिच्या पाया पडली, "द्या ना जी बाई. पोरीचं लग्न मागाहून होईन. मानूस गेला तं कुठून आनाचा?" मलाही तेच वाटत होतं.

मोठ्या मायनं चपला घातल्या. "सोनं नाई येत. मी येतो. नवरा माहा आहे. चाला." आणि शेजारच्या दोघांना म्हणाली, "तुमी बी चाला रे संग." माणूस म्हणाला, थांबा, मी बसचं पाहून येतो. तो जो गेला तो गेलाच.

लोक तिची वाहवा करायला लागले. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. त्या शेजाऱ्यांतल्या एकाला जामला धाडलं आणि ओसरीवर बसून राहिली. मी पाणी दिलं तर पेला तिनं तसाच बाजूला ठेवला. हळूच म्हणाली, "मले तरी काय माहीत वं? पन खूण नोती."

संध्याकाळच्या बसनं मोठे बाबा हातात रिकामी पिशवी हलवत आले, धडधाकट. ती उठली नाही. "खूण?" म्हणाली. साऱ्या आळीदेखत. ते गोंधळून म्हणाले, "कढी उतू गेली." तेव्हा कुठे ती पदर तोंडाला लावून रडली. मग कळलं की जामच्या चहाच्या टपरीवर एका गोड बोलणाऱ्या माणसाला मोठ्या बाबांनी पत्रिका दिली, चहा पाजला आणि अख्खं घर सांगून टाकलं होतं. "सगळं सांगतलं," ते खाली मान घालून म्हणाले, "खूण तेवढी नाई सांगतली." मला माझ्या माणसांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

मी त्याच सोन्यानिशी हिंगणघाटला सासरी निघाले. पाठवणीच्या वेळी ती मला मागच्या सैपाकघरात घेऊन गेली आणि माझ्या नव्याकोऱ्या शालूच्या पदराला तिनं खुशाल नाक पुसलं. म्हणाली, "हे कोनं पाह्यलं नाई. माही खबर घेऊन कोनी आलं तं हेच विचारजो. ही शिळी होत नाई."

सात-आठ वर्षं गेली. एका सकाळी देवळीहून एक परका माणूस आला. म्हणाला, मोठी माय पहाटे गेली. नवरा बसच्या वेळा आठवू लागला. मी चौकट धरून उभी राहिले आणि विचारलं, "खूण काय सांगतली?"

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. तो माणूस ओशाळला, पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "परवाच सांगून ठेवलं होतं बाईनं. मले काई समजलं नाई. म्हने, पोरीच्या शालूले नाक पुसलं."

मी म्हटलं, "या, आत या," आणि चौकटीतच खाली बसले.