मामांचे तीन प्रश्न

आमच्या पाहणीच्या जीपवर जे ड्रायव्हर होते, त्यांना सगळे मामाच म्हणायचे. वय पंचावन्न, मिशा पांढऱ्या, आवाज असा की हॉर्नची गरजच नाही. जन्मले शेतकऱ्याच्या घरात, पण लहानपणापासून हात मातीपेक्षा इंजिनात जास्त. गावात पंप बिघडो की शिलाई मशीन, निरोप यांनाच यायचा.

त्या वर्षी आमच्याकडे मोठं काम आलं. एकशे चाळीस गावं फिरायची आणि शेतीवर चालणारी घरं आणखी किती वर्षं तग धरतील, ते मोजायचं. चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म, शंभर गुण. मी त्या कामाची प्रमुख. नोकरीत नवी, उत्साह नुसता उतू चाललेला.

पहिले तीन आठवडे जिथे जावं तिथे एकच रडगाणं. "कसलं काय बाई, काही राम उरला नाही शेतीत." एका घराला तर मी अठरा गुण देऊन उठले. मामा हात पुसत जीपमध्ये बसले. मी पुढच्या खोलीत फॉर्म भरत होते, तेवढ्या वेळात त्यांनी मागच्या अंगणात त्या घराचा पंप दुरुस्त केला होता.

"किती दिलेत मॅडम?"

"अठरा."

मामांनी किल्ली फिरवलीच नाही. "अठरा? अहो, परवाच त्यांनी दोनशे कलमं लावलीत. फळ धरायला सहा वर्षं लागतात. शेती सोडून चाललेला माणूस असली झाडं लावतो होय?"

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि हातात कागद घेऊन आलेल्या माणसापुढे कुणी 'आमचं झकास चाललंय' म्हणतं का? सगळे हातचं राखूनच बोलणार."

मला आधी राग आला, मग हसू. आम्ही आल्या पावली परत त्या घरात गेलो. या खेपेला मी मामांना पुढे केलं. ते पायरीवर बसले आणि घरातल्या म्हातारीला सहज म्हणाले, "आजी, गेल्या वर्षी पंप बंद पडला तेव्हा कसं निभावलंत?"

आजींची कळी खुलली. शेजाऱ्याने आठ दिवस पाणी दिलं होतं, बदल्यात आजींच्या मुलाने त्याचं शेत नांगरून दिलं होतं. सुनेने कपाट उघडून घरच्या बियाण्याचे एकवीस डबे दाखवले, प्रत्येकावर वर्ष लिहिलेलं. थोरली नात शहरातून परत आली होती, तिला रोपवाटिका काढायची होती. फॉर्मच्या पाठीवर जागा पुरेना.

"हे सगळं लिहितेस का गं?" आजी मला म्हणाल्या. "मग थांब, मधमाश्यांच्या पेट्या राहिल्या!"

ऑफिसच्या बैठकीत मी ते पाठचं लिखाण वाचून दाखवलं. साहेबांनी विचारलं, "हे असं विचारायचं सुचलं कुणाला?" मामा खाली जीप पुसत होते. त्यांना वर बोलावलं. हातातलं फडकं कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

"साहेब, तीनच गोष्टी विचारा," ते म्हणाले. "अडचणीत कोण धावून येतं, बियाणं कुणाचं, आणि पुढच्या दहा वर्षांसाठी काय लावलंय."

तिन्ही प्रश्न फॉर्मात आले. पाहणी करणाऱ्या अकरा जणांना मामांनीच शिकवलं, "आधी नीट बसा, घोटभर पाणी प्या, मग पेन काढा." सगळीकडे चांगलीच उत्तरं आली असं नाही. काही गावांत कुणी काहीच लावलेलं नव्हतं. तिथले गुण कमीच राहिले आणि मदत आधी तिकडे गेली. पण निम्म्याहून जास्त घरं आमच्या समजुतीपेक्षा भक्कम निघाली.

अहवालाच्या पहिल्याच पानावर मामांचं नाव छापलं. मी प्रत घेऊन त्यांच्या घरी गेले. मामींनी ते पान दोनदा मोठ्याने वाचलं आणि डोळ्याला पदर लावत म्हणाल्या, "तीस वर्षांच्या संसारात मला एक प्रश्न धड विचारला नाही, आणि मान म्हणे प्रश्नांबद्दल!"

"बरं, आता विचारतो," मामा म्हणाले. "चहा मिळेल का?"

"मिळेल की. उठा आणि ठेवा."

मामा खरंच उठले. आनंदाच्या भरात चहात साखर दोनदा पडली, पण आम्ही तिघांनीही कप रिकामे केले.