जावयाचा कार्डिओ

मला काहीही झालेलं नसताना टेम्पोभर माणसं मला भेटायला आली होती.

त्याचं झालं असं. नागापूरच्या कारखान्यात खुर्चीवर बसून बसून माझ्या पोटाने शर्टाच्या बटणांशी भांडण काढलं, म्हणून मी जिम लावली. ट्रेनर म्हणाला, "काका, वजनं नंतर. आधी नुसता कार्डिओ!" म्हणजे पट्ट्यावर पळायचं, सायकल मारायची, छातीचे ठोके वाढवायचे. (ते तर 'काका' ऐकूनच वाढले होते!)

त्याच सकाळी कर्जतहून सासूबाईंचा फोन आला. बायको कणीक मळत होती.

"जावईबापू कुठं हायेत गं?"

"ते? कार्डिओला गेलेत."

"आगं बया! कवापास्नं?"

"आजपासूनच. आता रोज जावं लागेल म्हणे. ठेवते आई, हात बरबटलेत!"

आणि ठेवला की हो फोन! सासूबाईंना कार्डिओ म्हणजे कार्डिओग्राम एवढंच ठाऊक, आणि कार्डिओग्राम म्हणजे छातीत कळ! त्यांनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने गल्लीला. बातमी गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत माझं ऑपरेशनसुद्धा उरकलं होतं!

दुपारी टेम्पो दारात. पुढे शहाळी घेतलेले सासरे, मागे डोळ्यांना पदर लावलेल्या सासूबाई, त्यांच्यामागे अख्खी गल्ली. आणि मी नेमका भजी खात बसलेलो!

"आवं, ह्ये तर भजी खात्यात!" शेजारीण किंचाळली.

"खाऊ द्या," मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "विच्छा ऱ्हायला नगं."

मी ताडकन उठलो. "मामा, मला काही झालेलं नाही! कार्डिओ म्हणजे काळजाची धडधड वाढवायचा व्यायाम!"

सासरे मटकन बसले. "मंग त्यो आमचा कर्जतपास्नं हितवर झालाय की!"

सगळे खो खो हसले. शेजारणीची मात्र खात्री पटेना. "खरंच बरं हायेत, तर करून दावा की."

सासरवाडीसमोर माघार कशी घेणार? पायजमा आवळला आणि जागच्या जागी पळायला लागलो. टाळ्या पडल्या. मला चेव आला, वेग वाढवला. भजी गळ्याशी आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी सोफ्यावर आडवा! सासूबाई पदराने वारा घालायला लागल्या, सासरे शहाळं फोडायला धावले, गल्ली भोवती बसून हळहळली.

एवढ्या लांबून आलेली मंडळी, पेशंट न बघताच माघारी कशी पाठवणार!