दाजींची सहाशे सीसी

माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, मालवाहू जहाजावर नोकरीला होते. एकदा जहाजावर परत जाताना त्यांनी आपली लाल मोटारसायकल कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला आमच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये आणून लावली. परदेशी बनावटीची, सहाशे सीसीची, शर्यतीतल्या गाड्यांसारखी पुढं झुकलेली. "बंद ठेवू नका. मी येईस्तोवर तुमचीच समजा," असं म्हणून ते गेले.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी फौंड्रीत कामाला होतो आणि रोज शंभर सीसीच्या गाडीवरून जायचो. पहिले दोन-तीन दिवस मी दाजींच्या गाडीवर नुसता बसून राहिलो. म्हशी रवंथ करत बघायच्या आणि मी किल्ली न लावताच कुठंकुठं जाऊन यायचो.

वडिलांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "घोडं झ्याक हाय," ते म्हणाले, "पण वैरणीचा भारा कुठं बांधायचा?"

मी हसलो आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यावरूनच कामाला जाऊ लागलो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या. त्यांच्या मागं दुसऱ्या गिअरच्या वर जाताच यायचं नाही. गाडी पळायला बघायची, मी क्लच दाबून तिला आवरायचो. अंगाचा सगळा भार मनगटांवर यायचा, मांड्यांना इंजिनची धग लागायची. आरशात मागच्या रस्त्यापेक्षा माझी कोपरंच जास्त दिसायची. फौंड्रीत पोचल्यावर तासभर बोटांना मुंग्या. तरी कुणी विचारलं की मी "लई भारी" म्हणायचो आणि ते मला खरंच वाटायचं.

एका रविवारी पहाटे मी कागलकडं निघालो. हायवे मोकळा होता, शेतांवर धुकं उतरलं होतं. गाडी वरच्या गिअरमध्ये गेली आणि तिचा आवाज मागं कुठंतरी राहून गेला. मनगटं दुखायची थांबली. वाऱ्यानंच मला छातीशी धरून उचललंय असं वाटलं. झाडं, पाट्या, उसाचे फड, सगळं धुक्यातून यायचं आणि मला न शिवता विरघळून जायचं. काट्याकडं नजर गेली तेव्हा भीतीच वाटली. वेग कमी केला, तसं अंग पुन्हा जड झालं. कडेला थांबून मी किती वेळ उभा होतो, आठवत नाही.

पुढं एका दुपारी आईला थंडी वाजून ताप भरला. माझी नेहमीची गाडी घेऊन वडील रानात गेले होते. मग दाजींची गाडी ओट्याला लावून आईला त्या उंच, टीचभर सीटवर बसवलं. नऊवारी आवरत तिनं दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. कोल्हापुरात शिरताना रेल्वेचं फाटक लागलेलं. इंजिन तापून फणफणत होतं. मी सारखं विचारत होतो, "बरं वाटतंय न्हवं?"

"व्हय," ती म्हणायची. "लई उंच हाय की. कुंपणापल्याडचं समदं दिसतंय."

दवाखान्यात पायांवर सूज आहे का बघायला डॉक्टरांनी पातळ जरा वर घ्यायला सांगितलं तेव्हा पोटरीवर सायलेन्सरनं भाजल्याचा डाग दिसला, तळहाताएवढा.

"सांगितलं का न्हाईस?"

"तू एवढ्या हौसेनं चालवत हुतास," ती म्हणाली. "मधीच कशाला थांबवू?"

परत येताना तिला रिक्षात बसवलं आणि मी रिक्षाच्या मागं मागं हळू चालवत आलो. त्यानंतर कामाला जाताना पुन्हा शंभर सीसीचीच गाडी काढू लागलो. दाजींची लाल गाडी रविवारी तेवढी कागलपर्यंत नेऊन आणायचो.

दाजी परत आले, त्यांनी विचारलं, "कशी वाटली गाडी?"

"रोजच्याला न्हाय, दाजी," मी म्हणालो. "पण कधीमधी हायवेला पायजेच."

ते बराच वेळ टाकीवरून हात फिरवत राहिले. "माझंबी तसंच हाय," म्हणाले. "पण विकवतबी न्हाई, म्हणून तर तुमच्याकडं ठेवलीती."

मग आम्ही दोघांनी मिळून ती धुतली.