दोडक्याच्या देठावरचा लाल दोरा

मामा गेल्याचं कार्ड मला नागपूरला मिळालं, तेव्हा त्यांना जाऊन चार दिवस झाले होते. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, तोही शेतकी कॉलेजातला. पण माझा पहिला धडा वाशीमबाहेरच्या मामांच्या भाजीमळ्यात झाला.

शाळेसाठी मी त्यांच्याकडे राहत होतो. त्यांच्या दोडक्यांना बाजारात नाव होतं. एका वर्षी मात्र दोडके कडू निघाले. "भाजी देली का काढा?" म्हणत गिऱ्हाइकं ते परत आणू लागली. मामा हसून घेत. पण शेजारणी कुजबुजल्या, की मामीनं विटाळात वेलाला हात लावला... आणि मामांच्या आईनं, म्हणजे माझ्या आजीनं, मामीला मळ्यात यायची बंदी केली. मामीचा जीव त्या मळ्यात होता.

मामांनी वाद घातला नाही. ते रोज कुंपणापाशी बसू लागले. दोडक्याचं फूल दिवस कलताना उमलतं. कुंपणावर कडू रानदोडका माजला होता. त्याच्या फुलावरून उठलेली माशी आमच्या वेलावर बसे. "पाह्य बाबू, इथं सोयरीक जुळून राह्यली," मामा म्हणाले, "आन् बोल लावते माह्या बायकोले!"

माझ्या आईकडे, रिठद गावी, त्यांचंच कडू व्हायच्या आधीचं जुनं बी होतं. पुढल्या हंगामात ते लावलं. कळ्या धरल्या, तेव्हा मामी नेमकी विटाळाची बाजूला बसलेली. मामांनी आजीदेखत तिला हाक मारली, "बांध तुह्याच हातानं." उमलायच्या आधी मामीनं नर-मादी दोन्ही कळ्या लाल दोऱ्यानं बांधल्या, सांजेला सोडून नराचं फूल मादीवर टेकवलं, पुन्हा बांधलं. त्या दोडक्यांचं बी वेगळं ठेवलं. वर्षानं त्याच्या वेलांना एकही फळ कडू आलं नाही. न बांधलेल्या फळांच्या बियांतून मात्र कडू दोडके निघालेच. आजीनं कच्ची फोड चावली, दुसरी उचलली. मग म्हणाली, "सूनबाई, उद्या मळ्यात जाय."

कॉलेजात प्राध्यापकांनी फळ्यावर हेच समजावलं, तेव्हा मला मामा दिसत होते. त्यांना वहीपेन्सिल कधी लागली नाही.

तेरवीला गेलो, तर ओसरीत बाया मामीला सांगत होत्या, "आता कुंकू पुसलं, बी दुसऱ्या कोणाच्या हातानं लावा, बाई." मामीनं आढ्याला टांगलेला वाळका दोडका काढला. देठावर लाल दोरा तसाच होता... सगळ्यांसमोर तिनं दोडका फोडला, बी ओंजळीत घेतलं आणि मला म्हणाली, "चाल बाबू, आळे करू."