मेलेल्या माशांचे डोळे

पाण्याखाली शिवी देता येत नाही. मी देऊन पाहिली आहे. तोंडातून एक भला मोठा बुडबुडा निघतो, डुलत डुलत वर जातो, आणि ज्याच्यासाठी ती शिवी असते तो वर खडकावर बसून निवांत बिडी ओढत असतो.

तो म्हणजे पुलाच्या कामावरचा मुकादम. महाराष्ट्र नवा नवा होता आणि पैनगंगेवर आपल्याकडं पूल होणार म्हणून आमचं गाव फुगून गेलं होतं. खडक फोडायला ठेकेदारानं सुरुंगाचे तोटे आणले. त्यातला एखादा मुकादम दर आठवड्याला गुपचूप आमच्या डोहात टाकू लागला. गुपचूप म्हणजे काय, धप्प! पाण्याचा खांब उभा राहायचा, मग पांढऱ्या पोटाच्या मरळी वर यायच्या. त्या टोपलीत भरायच्या आणि संध्याकाळी तळायच्या. ज्या डोहात गावानं कधी गळ टाकला नाही, जिथं बाया कणकेच्या गोळ्या टाकायच्या आणि मासे त्यांच्या बोटांशी यायचे, त्या डोहात!

मी बुलढाण्याला कॉलेजात होतो, दिवाळीला घरी आलो होतो. मुकादमाला जाऊन बोललो.

"अबे, चार मासे मेले तं नदी आटली काय?" तो म्हणाला. "तू बी ये जेवाले."

चार मासे! त्या डोहाच्या एका अंगाला काळ्या दगडाचा सरळ कडा आहे, पाण्यात खोल उतरलेला. लहानपणापासून माझा एकच षौक होता. वरच्या टोकाला छाती भरून श्वास घ्यायचा, बुडी मारायची आणि हातपाय न हलवता धारेच्या स्वाधीन व्हायचं. धार तुम्हाला कड्याच्या कडेकडेनं घेऊन जाते. बैलगाडीतून बाजार बघावा तसा कडा बाजूनं सरकतो: कपारी, शेवाळ, बिळातून तोंड काढून बघणारी एखादी सापासारखी वाम. त्या दिवशी मी तसाच वाहत गेलो आणि प्रत्येक कपारीत मासे आडवे पडलेले दिसले. खाली तळ पांढरा. सुरुंगानं मेलेले बहुतेक मासे वर येतच नाहीत. ते बुडतात, तिथंच सडतात. मुकादम वरचे वेचतो आणि चार म्हणतो. ती शिवी मी तेव्हा दिली.

सांगून कोण ऐकणार? दाखवायला पाहिजे होतं. मी डोणगावला फोटोवाल्या चाचांकडे गेलो. चाचा म्हणजे आमच्या भागातला मोठा कलावंत माणूस. त्यांनी जुना बॉक्स कॅमेरा दिला. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात मी तो बसवला, पुढं काच लावली, फटी सायकलच्या ट्यूबनं आणि डांबरानं बुजवल्या. खटका दाबायला ब्रेकची तार. पण आत रीळ पुढं कोण सरकवणार? म्हणून एका वाहण्यात एकच फोटो. मग खाली गोट्यांवर बाहेर पडायचं, डबा उघडायचा, रीळ फिरवायचं, पुन्हा डांबर, पुन्हा वरच्या टोकाला. कड्यावर ऊन थेट पडतं तेवढ्याच वेळात. कान ठणकत होते, पण मी खूश होतो. हरामखोराला पकडत होतो!

चाचांनी रीळ धुतलं तेव्हा एकच फोटो आला, पण काय आला! ओली निगेटिव्ह उजेडात धरली तर कपारीतला एकेक मुडदा मोजून घ्या. दुसऱ्या दिवशी चाचांनी बंद पाकीट हातात दिलं. "आतमंदीच राहू दे, अजून ओला हाय. बोटं उमटतीन."

मी तसाच बुलढाण्याची एसटी धरली. तिथं सरकारी कचेरीत एका साहेबांच्या टेबलावर पाकीट ठेवलं आणि नाटकातल्यासारखा दोन पावलं मागं सरकून उभा राहिलो.

साहेबांनी फोटो काढला. "वा! किती गोड आहेत हो!"

मी वाकून पाहिलं. प्रत्येक माशाला काळाभोर, गोल डोळा होता. डोळ्यात चमक होती. मागून तिरपे सूर्यकिरण येत होते.

"साहेब, हे मेलेले आहेत."

"हे? हा तर माझ्याकडेच बघतोय!" साहेबांनी शिपायाला बोलावून दाखवलं. शिपाई म्हणाला, "हसून राह्यला, साहेब."

आता हे सांगायला हवं की आमच्याकडे तेव्हा कित्येक माणसं एकही फोटो न काढता मरायची. मग चाचांना बोलावणं जायचं. मयताला भिंतीला टेकवून बसवायचं, फोटो काढायचा, आणि चाचा नंतर फोटोत त्याचे डोळे उघडायचे. घरोघरी असे टक्क डोळ्यांचे आजोबा टांगलेले होते.

मी परतलो ते थेट डोणगावच्या बाजारात. "चाचा, हे काय केलं तुमी?"

"काऊन? पसंत नाही आलं?"

"डोळे!"

"हाव. उघडले. मेलेल्याचा मेलेला फोटू कोणी टांगते काय बेटा? बेअदबी होते."

"टांगाचा नव्हता! साहेबाले दाखवाचा होता!"

"साहेबाले मुडदे दाखवते? शरम नाही वाटत काय तुले?"

"दुसरा छापा. जसा हाय तसा."

तो छापता येत नव्हता. चाचांनी निगेटिव्हच ब्लेडनं खरवडली होती. खरवडलेलं छापात काळं उमटतं. मी एवढा ओरडलो की बाजार गोळा झाला. चाचाही पेटले. "आजपावतर एका बी मयताच्या घरून शिकायत नाही आली!"

त्या आठवड्यात मुकादम तोटा घेऊन डोहावर आला तेव्हा मी पाण्यात उतरलो. धारेत कड्याची कपार धरून लटकलो.

"निघ बे! मराचं हाय काय?"

"टाक!"

"सोंग करून राह्यला काय बे? निघ!"

काठावर धुणं धुणाऱ्या बाया उठल्या. आमची काकू सगळ्यांत पुढं, कमरेएवढ्या पाण्यात, हातात धोपाटणं. "टाक नं रे मुडद्या. पाहू तुई हिंमत!" तिच्यामागं बाकीच्या आल्या. मुकादमानं वात खिशात घातली, थुंकला आणि गेला. काय आरडाओरडा केला बायांनी! मी पाण्यात उताणा पडून हसत होतो.

बाया पुन्हा धुण्याला लागल्या, तेवढ्यात नदीच्या खालच्या अंगानं आवाज आला. धप्प! पुढच्या गावचा डोह.

बायांनी तिकडं पाहिलं. मग काकू म्हणाली, "जाऊ दे बाप्पा. आपला तं वाचला." आणि साडी पिळायला लागली.

"आपला? नदी आपली नाही काय?" मी काकूवर, त्या सगळ्यांवर, आयुष्यात ओरडलो नव्हतो एवढा ओरडलो. मग तसाच ओल्या अंगानं काठाकाठानं खाली पळत सुटलो. मागून काकू ओरडत होती, "अबे, चपला तं घाल!"