दगडाखालची फांदी

काल आमच्या झरी जामणीच्या जंगलात, जिथं पायवाटेला दोन फाटे फुटतात, तिथं दगडाखाली एक हिरवी फांदी दिसली. पुढं गेलेला माणूस मागच्यांसाठी अशी खूण ठेवतो. चुरगळलेल्या पानांचा वास आला आणि मला कोकणातला डोंगर आठवला.

गावच्या सहलीत आत्याबाई आणि मी त्या डोंगराची फेरी करत होतो. वाट गोल होती, खाली सतत समुद्र. निघतानाच आत्याबाईंनी सवयीनं फांदी तोडून तिच्या शेंड्याला गाठ मारली आणि दगडाखाली ठेवली. तासाभरानं फेरी पुरी झाली, तर समोर तीच फांदी.

"आपल्या इकडचं कोनीतरी येऊन गेलं वाट्टे," गाठ चाचपत आत्याबाई म्हणाल्या. "थांबू जरासं. येतीन ते."

"आपली बस थांबून राह्यली ना खाली, आत्याबाई."

"थांबू दे."

त्या समुद्राकडं तोंड करून बसल्या. कोण असतील, कोणत्या गावचे असतील, विचारत राहिल्या. मी हसू दाबलं.

काल मात्र प्रश्न पडला. जन्मभर जंगल तुडवलेल्या बाईला आपलीच गाठ ओळखू आली नसेल? आणि कोणी येईल म्हणून थांबलेल्या आत्याबाईंची पाठ सारा वेळ वाटेकडं होती.