जावळाच्या रश्शाचा पंचनामा

जावळाच्या जेवणाचं आमंत्रण आलं की एक दुपार मला आजही जशीच्या तशी दिसते. नोकरीत मी खुनाचे पंचनामे केले, घरफोडीचे केले, विहिरीत पडलेल्या ट्रॅक्टरचाही केला. पण मटणाच्या तांबड्या रश्शाचा पंचनामा आयुष्यात एकदाच केला. एरवी पंच म्हणून सही करा म्हटलं की माणसं परसदाराने पळतात. त्या दिवशी मात्र पंच व्हायला चढाओढ लागली होती. मुद्देमाल नीट तपासून बघायचा तर चाखावा लागणार, अशी गावाची समजूत झाली होती.

नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं त्याच गावात राहतात आणि मला अजूनही जेवायला बोलावतात.

तेव्हा मी बिद्रीकडच्या भागातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. मे महिना होता. आदल्या संध्याकाळी वळवाने असा तडाखा दिला होता की विजेचे खांब उसाच्या सरीत आडवे झाले होते. ठाण्यातला इन्व्हर्टर सकाळीच संपला, संगणक बंद पडला. ठाणे अंमलदार बऱ्याच काळाने पेनने स्टेशन डायरी लिहीत होता आणि दर ओळीनंतर बोटं मोडत होता.

दुपारी फोन वाजला. पलीकडच्या माणसाने नाव सांगितलं नाही. "साहेब, लवकर या. जावळाच्या जेवणात पावण्यांच्या बायकास्नी इख घातलंय. चार-पाचजणी आडव्या झाल्यात." एवढं बोलून फोन बंद.

निनावी खबरीमागे काहीतरी राग असतो, हा माझा अनुभव. इथलाही राग पुढे कळला. खबर देणाऱ्याला पंगतीत मटणाची नळी मिळाली नव्हती. पण बायका आडव्या झाल्या होत्या, हे खरं होतं.

नोंद घेतली, रुग्णवाहिका बोलावली, एक हवालदार आणि एक महिला शिपाई सोबत घेतली, जीप काढली. वाटेत मोठं झाड पडलेलं होतं. जीप कशीबशी शेतातून वळसा घालून गेली. रुग्णवाहिकेला तसं येता येणार नव्हतं, म्हणून झाड तोडायला माणसं लावायचा निरोप दिला आणि पुढे गेलो.

घर नवीन, स्लॅबचं. पुढे मांडव. मांडवात पुरुषांची पंगत अर्ध्यावर मोडलेली, पत्रावळ्या तशाच आणि दोन बाजूला दोन फळ्या उभ्या. एका बाजूला बाळाच्या बापाकडचे, दुसऱ्या बाजूला बाळाच्या मामाकडचे. ही दोन घराणी साखर कारखान्याच्या निवडणुकीत कायम विरोधी पॅनेलमधली. पोरापोरींनी लग्न जमवलं म्हणून सोयरीक झाली, पण मनं काही जुळली नव्हती. त्यातून पहिल्या नातवाचं जावळ. मामाच्या मांडीवर बसवून केस उतरवले होते, तेवढा वेळ दोन्ही पॅनेल गप्प होती म्हणे.

मी मांडवात पाय ठेवला तशी बाळाच्या आईची आत्या पुढे आली. या बाईंचा आवाज असा की लाउडस्पीकरचं भाडं वाचावं.

"साहेब, बघा की! आमच्या बायकास्नी बोलवून मारायला लागल्यात ह्ये! घाला बेड्या सगळ्यास्नी!"

"आवो, आमची सून पण पडलीया की आत!" बाळाचे आजोबा ओरडले. "आमी आमच्याच सुनंला इख घालू व्हय?"

"सून तुमची, पण पोरगी कुणाची? आमचीच न्हवं!"

मी दोघांना गप्प केलं आणि आधी आजाऱ्यांकडे गेलो. माजघराच्या खोलीत चार बायका सतरंजीवर पडल्या होत्या. शुद्ध होती, पण डोकं धरून होत्या, एक सारखी ओकत होती. बाहेर पुन्हा पाऊस सुरू झाल्यामुळे खिडक्या लावलेल्या. वर पंखा फिरत होता. कोपऱ्यात पाळण्यात नुकतं जावळ उतरवलेलं गोटा डोक्याचं बाळ झोपलं होतं.

"बाळाला काही झालं नाही ना?" मी विचारलं.

"न्हाई, त्ये सकाळधरनं रडून रडून आता कुठं निजलंय. उठवू नका," आत्याबाईंनी दटावलं.

बायकांचे जबाब घ्यायला महिला शिपायाला खोलीत बसवलं. दार लोटून घेतलं, कारण आडव्या पडलेल्या बायकांना बघायला अर्धा गाव दारात जमला होता. रुग्णवाहिका येईपर्यंत मी मांडवातली चौकशी हातात घेतली.

संशय अर्थातच आचाऱ्यावर. पहाडासारखा माणूस, कमरेला पंचा, हातात पळी. मी विचारलं, "रश्शात काय काय घातलंस?"

त्याला हा प्रश्न अपमानाचा वाटला. "मसाला इचारताय व्हय? त्यो मी बायकोलापण सांगिटला न्हाई."

"मसाला नको. दुसरं काही घातलंस का? कुणी काही आणून दिलं का?"

"साहेब," तो म्हणाला, "माझ्या रश्शात कुणी बोट जरी बुडवलं तर मी त्येचं बोट ठिवत न्हाई." आणि मी थांबवायच्या आत त्याने पातेल्यात पळी बुडवली, वाटी भरली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकली. "घ्या. आता मी मरतोय का बघा."

सगळा मांडव त्याच्याकडे बघत राहिला. तो काही मरेना. उलट मीठ जरा कमी आहे, असं म्हणून त्याने चिमूटभर टाकलं. पुराव्यात फेरफार केल्याबद्दल मी त्याला झापलं. ते कशाबद्दल, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग रीतसर काम सुरू केलं. तांबड्या रश्शाचा नमुना, पांढऱ्याचा नमुना, सुकं मटण, भाकरीचा तुकडा. बाटल्या घरातूनच मागवल्या. एका बाटलीवर लोणच्याचा वास होता म्हणून ती बाद केली. पंचांनी सह्या ठोकल्या. उरलेल्या पातेल्यांवर पहारा द्यायला हवालदाराला बसवलं आणि बजावलं, "कुणाला हात लावू द्यायचा नाही."

त्याने आज्ञा अक्षरशः पाळली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

थोड्या वेळाने बघतो तर हवालदार मिशी पुसतोय. शेजारी दोन हाडं, चाटूनपुसून साफ केलेली.

"मुद्देमाल खाल्लास?"

"साहेब," तो खाली मान घालून म्हणाला, "नमुना घेतल्यालाच हाय की. ह्यो उरल्याला हुता."

मी त्याच्यावर ओरडणार, इतक्यात माजघराचं दार उघडलं. महिला शिपाई चौकटीला धरून उभी होती. चेहरा पांढरा पडलेला.

"साहेब, जबाब घेतले. यातल्या एकीनंही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. बायकांची पंगत शेवटी असते ना. सगळ्या उपाशीच आहेत." मग कपाळ दाबून म्हणाली, "मीही इथलं पाणीसुद्धा प्यायले नाही. पण माझंच डोकं फुटायला लागलंय. गरगरतंय."

मी एकदा हवालदाराकडे बघितलं. दोन माणसांचं जेवण पोटात असलेला तो गडी टवटवीत होता. आचारी टवटवीत, पंगतीतले पुरुष टवटवीत. जे जेवले ते सगळे उभे आणि ज्या उपाशी राहिल्या त्या आडव्या. याला विषबाधा कसं म्हणायचं?

तेवढ्यात बाळाचा काका हातात पेट्रोलचा कॅन घेऊन माझ्यासमोर आला. हा घरातला सगळ्यात धडपड्या माणूस. "साहेब, मला जरा जाऊ द्या. चालू हाय तोवर त्यात पेट्रोल घालतो, न्हाईतर लाईट जाईल, पंखा बंद पडंल."

पंखा! सगळ्या पंचक्रोशीत वीज नव्हती. मग माजघरात पंखा कशावर फिरत होता? आल्यापासून सगळे ओरडून बोलत होते ते फक्त भांडणापायी नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. भिंतीपलीकडून सारखा भडभड आवाज येत होता आणि आमचे कान त्याला सरावले होते.

"जनरेटर कुठे ठेवलाय?"

"जिन्याखाली," काका अभिमानाने म्हणाला. "वडगावच्या बाजारातनं आणलाय, जुना हाय पण इंजिन झ्याक. भाईर पावसात भिजला आस्ता, आन् आवाजानं बाळ उठलं आस्तं. म्हणून आत ठेवून दार लावून घेतलंय."

जिन्याखालची ती खोली माजघराला लागून. मध्ये भिंत, पण वरच्या बाजूला हवेसाठी जाळी ठेवलेली. त्या जाळीतून हवा नव्हे, जनरेटरचा धूर माजघरात येत होता.

"सगळ्यांना बाहेर काढा!" मी ओरडलो. "आधी बाळ!"

"आवो, त्ये निजलंय, कशाला..." आत्याबाई आडव्या आल्या.

आयुष्यात एखाद्या बाईला धक्का देऊन मी पुढे गेलो ते तेवढ्या एकदाच. बाळाला पाळण्यातून उचललं. ते उठलं नाही. मान माझ्या दंडावर पडली. सकाळपासून रडणारं पोर इतकं गाढ कसं झोपलं, असा प्रश्न त्या भरल्या घरात कुणालाही पडला नव्हता, कारण सगळ्यांना त्या शांततेने बरंच वाटलं होतं. मी धावत मांडवाच्या पुढे अंगणात गेलो. पाऊस पडत होता. हवालदाराने आणि आचाऱ्याने बायकांना उचलून बाहेर आणलं. आचाऱ्याने एकट्याने दोघींना आणलं.

काका जनरेटरकडे धावला, तसा मी त्याच्यावर खेकसलो, "तो कॅन आधी खाली ठेव! तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडलं तर घर पेटेल!" त्याने कॅन अंगणात ठेवला, दार सताड उघडून, श्वास रोखून इंजिन बंद केलं आणि खोकत बाहेर आला. सगळीकडे एकदम शांत झालं.

त्या शांततेत मी बाळाच्या तोंडावर वारा घालत उभा होतो. दोन्ही पॅनेलची माणसं भोवती गोळा झाली होती. बाळाच्या गोट्या डोक्यावर पावसाचे थेंब पडत होते. त्याने तोंड वेडंवाकडं केलं, एक हात उडवला आणि मग असा काही टाहो फोडला की आत्याबाईंचा आवाज त्यापुढे कमी पडावा.

बाळाचे आजोबा खाली चिखलातच बसले. मामाकडच्या म्होरक्याने, म्हणजे ज्याने गेल्या निवडणुकीत यांची पत्रकं फाडली होती त्याने, त्यांना काखेत हात घालून उठवलं.

झाड हटलं, रुग्णवाहिका आली. बाळाला आणि बायकांना ऑक्सिजन लावून रुग्णालयात नेलं. आमच्या महिला शिपायालाही नेलं. ती जाताना म्हणत होती, "साहेब, जबाबावर सह्या राहिल्यात." डॉक्टरांनी रक्त तपासून कार्बन मोनॉक्साईड सांगितला. इंजिनाच्या धुरातला हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. लहान बाळ तर लवकर जातं. संध्याकाळी सगळे धोक्याबाहेर आले.

दरम्यान घरी दुसरीच गोष्ट उजेडात आली. काकाने जनरेटरची वायर दोन्ही टोकांना पिना लावून थेट भिंतीतल्या प्लगात खुपसली होती. म्हणजे घरातली वीज उलट्या वाटेने बाहेरच्या तारांत; बंद समजून त्यांना हात लावणारा जागीच जाईल. खांबावर चढायच्या तयारीत असलेल्या वायरमनला मी हे सांगितलं, तेव्हा तो शिडी तिथेच टाकून काकाला शोधत निघाला. त्याला आवरायला आचारी लागला.

काका मात्र घरी नव्हता. तो रुग्णालयाच्या पायरीवर बसला होता. "साहेब, मला आत टाका," म्हणाला. "बाळाला उकडू नये म्हणून आणला हुता वो."

आत्याबाईंचाही आग्रह तोच. त्याला आत टाकाच. पण बाळाच्या आईने अंथरुणातूनच सांगितलं, "भावजींनी माझ्या बाळाच्या वाऱ्यासाठीच धडपड केली. माझी तक्रार न्हाई." मी निष्काळजीपणाबद्दल कडक समज दिली, घातपात नसल्याचा अहवाल पाठवला. रश्शाच्या नमुन्यांचं काय करायचं, असं वरिष्ठांनी विचारलं, तेव्हा ते नाश पावल्याचं कळवलं. ते कसे नाश पावले, हे हवालदाराच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना घरी सोडल्यावर काकाला मी जनरेटरसह अंगणात उभं केलं. ठेवायचा तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून चांगला वीसेक फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट बाजूला. पावसाची भीती असेल तर चारी बाजूंनी मोकळं असलेलं छप्पर वर धरायचं. पेट्रोल घालायचं ते इंजिन बंद करून, थंड झाल्यावर. चांगल्या जाड वायरीने पंखा थेट जनरेटरलाच जोडायचा, भिंतीतल्या प्लगाशी संबंध नाही. तो प्रत्येक गोष्टीला "व्हय साहेब" म्हणत होता. शेवटी म्हणाला, "मग आवाज यील की हो, बाळ उठंल."

"उठू दे," आतून बाळाची आई म्हणाली. "रडू दे किती बी."

या प्रकरणाने मला तपासाची एक वाट शिकवली. माणूस पडला की आपण पहिल्यांदा विचारतो, कुणी केलं? मग ज्याच्याशी वाकडं आहे त्याचं नाव आपोआप तोंडात येतं आणि सगळा तपास त्याच्यामागे धावतो. त्याआधी विचारायला हवं, काय झालं? कोण उभं आहे, कोण पडलंय, पडलेले कुठे बसले होते? पुढच्या नोकरीत मी ही सवय सोडली नाही.

आता मी कळंब्याला राहतो. परवा शेजारच्या घरी पूजा होती आणि संध्याकाळी वीज गेली. लगेच भडभड सुरू झालं. मी चप्पल घालून गेलो. जनरेटर पोर्चमध्ये, बरोबर खिडकीखाली. आत माणसं दाटीवाटीने बसलेली.

घरमालक तरुण आहे. हसून म्हणाला, "काका, आत कुठं ठेवलाय? पोर्च उघडाच हाय की. तुमची खात्यातली सवय काय जात न्हाई."

"बंद कर आधी," मी म्हणालो. "आणि दुसरी बाजू धर."

दिवे गेले, आतून पाहुणे कुरकुरले. आम्ही दोघांनी तो कंपाउंडच्या पार टोकाला नेला, तोंड रस्त्याकडे केलं, आतल्या माणसांना खिडक्या उघडायला लावल्या. पुन्हा दिवे लागले. मी प्रसाद घेतला आणि घरी आलो. त्या घरात त्या संध्याकाळी काहीही घडलं नाही. न घडलेल्या गोष्टीची नोंद कुठल्याच ठाण्यात होत नसते. म्हणून ती इथे केली.